हिरवं, गुलाबी आणि पुस्तकातली एक ओळ

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे अकरा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग खंबाटकीच्या चढाला लागलेली असते. पहिला गिअर, दुसरा, ब्रेक, पुन्हा पहिला. आत पाच माणसं, डिकी गच्च, एसी पूर्ण सुरू. थोडं पुढे गेलं की कडेला एखादी गाडी दिसतेच, बॉनेट वर केलेली. तिच्यासमोर हातात बिस्लेरीची बाटली घेऊन एक माणूस उभा असतो आणि मागच्या सीटवरून मुलं विचारत असतात, "बाबा, अजून किती वेळ?"

त्या माणसाच्या हातून पुढच्या पाच मिनिटांत एक चूक होऊ शकते. ती म्हणजे गरम रेडिएटरचं झाकण उघडण्याची. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर, हातावर येते. यात भाजलेली माणसं हायवेवरच्या प्रत्येक मिस्त्रीने पाहिलेली असतात. दुसरी चूक मात्र त्याच्याकडून बहुधा कधीच होऊन गेलेली असते. सर्व्हिसिंगला गाडी टाकली त्या दिवशी मिस्त्रीने विचारलं होतं, "साहेब, कूलंट कुठलं टाकू?" आणि साहेब फोनवर बोलता बोलता म्हणाले होते, "टाका हो कुठलंही. आधी हिरवं होतं ना? मग हिरवंच टाका."

कुठल्या कंपनीचं इंजिन ऑइल, कुठल्या ब्रँडचे टायर यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं कूलंटच्या बाबतीत रंगावर समाधान मानतात. कूलंट निवडण्याची ही सगळ्यात वाईट रीत आहे, आणि ती आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते.

तिची मुळं जुन्या गाड्यांत आहेत. ज्यांनी अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीचा जमाना पाहिला, त्यांना बोरघाट आठवतो तो शिंग्रोबाच्या देवळासाठी आणि डिकीतल्या पाण्याच्या कॅनसाठी. घाटात गाडी गरम होणार हे गृहीतच असायचं. थांबायचं, चहा प्यायचा, इंजिन निवलं की झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूच फिरवायचं आणि मिळेल ते पाणी ओतायचं. विहिरीचं, नळाचं, झऱ्याचं. अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन सगळंच बिडाचं होतं, ब्लॉक आणि हेड दोन्ही. आतल्या पाण्याच्या वाटा रुंद, रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाणी वर्षभरात गंजून विटकरी व्हायचं, पण त्या जाड भिंतींना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. रेडिएटर गळला की गावातला रेडिएटरवाला तो उतरवायचा, नळ्यांमधून सळई घालून गाळ काढायचा, भोक पडलं तिथे झाळून द्यायचा. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला मुदत संपून बंद झाली, पण तिच्या काळातला 'पाणी टाकलं की झालं' हा धडा अजून शिल्लक आहे.

आज तो धडा लागू पडत नाही, कारण इंजिनच बदललं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं झालं, अनेक गाड्यांत ब्लॉकही. रेडिएटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. पाण्याच्या वाटा अरुंद. एका बंद वर्तुळात अ‍ॅल्युमिनियम, बीड, पोलाद, झाळकामाचा धातू, रबर आणि प्लास्टिक असे सगळे एकाच पाण्यात नांदतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षार असलेलं पाणी, म्हणजे झाली की बॅटरी. त्यातला एक धातू दुसऱ्यासाठी झिजत राहतो, आणि झिजणारा बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच असतो.

ही झीज थांबवणं हे कूलंटचं आपल्याकडचं खरं काम आहे. बाटलीवर 'अँटीफ्रीझ' लिहिलेलं असतं, ते वाचून महाराष्ट्रातल्या माणसाला वाटतं की इथे कुठे बर्फ पडतो? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेवढंच. मग हा थंड देशांचा शौक आपल्याला कशाला? पण आपल्याला ते उकळू नये आणि कुरतडू नये म्हणून लागतं. जे कुरतडणं थांबवतं ते डब्यात सगळ्यात कमी असतं, आणि त्याच्यावरूनच एक कूलंट दुसऱ्यापासून वेगळं ठरतं.

डब्यात तीन गोष्टी असतात: ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायनं. एथिलीन ग्लायकॉल हा गोडसर, किंचित दाट द्रव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आडोल्फ वुर्झ यांनी १८५६ च्या सुमारास प्रथम तयार केला. तेव्हा मोटारच नव्हती. ती आली आणि लगेच तिला उष्णतेचा प्रश्न पडला, कारण पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच उपयोगी कामात येते. दुसरा तितकाच भाग धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनच्या भिंतींतून बाहेर काढावा लागतो. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पाणी सरळ वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० नळ्या. त्यामुळे १८ लिटर पाण्याचं काम ९ लिटरमध्ये होऊ लागलं. आजच्या प्रत्येक गाडीच्या जाळीमागे त्याच कल्पनेचा वंशज बसलेला आहे.

थंड देशांत पाणी गोठून इंजिनचे ब्लॉक तडकायचे. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि बिडालाही फोडतं. त्यावर लोकांनी मीठ, साखर, मध, अल्कोहोल सगळं करून पाहिलं. मिथेनॉल चालायचं, पण ते सुमारे ६५ अंशांना उकळतं, म्हणजे इंजिन तापलं की उडून जायचं. १९२७ मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं आणि प्रश्न मिटला. ते १९७ अंशांपर्यंत उकळत नाही. विमानांनीही ते उचललं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर उडवणाऱ्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात आधी शुद्ध ग्लायकॉल होतं. पुढे ते बदलून ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल, तेही दाबाखाली, अशी व्यवस्था केली गेली.

हा बदल का झाला ते कळलं की निम्मं कूलंट कळतं. ग्लायकॉल उकळत नाही हे खरं, पण उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याच्या मागे आहे. पाणी प्रतिकिलो प्रतिअंश ४.१८ किलोज्यूल उचलतं, निम्मं-निम्मं मिश्रण साधारण ३.५. शुद्ध ग्लायकॉल तर त्याहून कमी. म्हणून 'जास्त घट्ट टाकलं तर जास्त थंड राहील' हा समज उलटा आहे. डब्यातला अर्क (कॉन्सन्ट्रेट) पाणी न मिसळता नुसताच ओतला तर गाडी जास्त तापते. वर गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल गोठतंही लवकर, उणे १३ अंशांच्या आसपास, तर निम्म्या पाण्याबरोबर ते उणे ३७ पर्यंत टिकतं. निम्मं-निम्मं हे प्रमाण जगभर यासाठीच मान्य झालं. सगळ्या बाजूंनी कमीत कमी तोटा त्यातच आहे.

आता तिसरी वस्तू, गंजरोधक. इथे गोष्ट देशादेशांत वेगळी होते.

अमेरिकेतलं जुनं हिरवं कूलंट सिलिकेट आणि फॉस्फेटवर चालायचं. सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमवर चटकन एक काचेसारखा पातळ लेप चढवतं. लेप छान, पण तो सगळ्या पृष्ठभागावर चढत राहतो आणि साठा संपतो. त्यामुळे दोन वर्षांत बदला. युरोपच्या बऱ्याच भागांत पाणी जड, चुनखडीचं. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की दगडासारखा थर जमतो, म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट वगळलं. जपानमध्ये पाणी मऊ. तिथल्या अभियंत्यांना सिलिकेटने वॉटर पंपाच्या सीलवर घासण होते याची चिंता. म्हणून जपानी कंपन्यांनी सिलिकेट वगळलं आणि फॉस्फेट ठेवलं. म्हणजे एकाने जे टाळलं ते दुसऱ्याने जपलं, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

नंतर सेंद्रिय आम्लांवर आधारलेली पिढी आली, जिला गॅरेजमध्ये 'ओएटी' म्हणतात. ही रसायनं सगळीकडे लेप देत बसत नाहीत. जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन काम करतात, त्यामुळे पाच-पाच वर्षं पुरतात. मग दोन्हींचा संकर आला, 'एचओएटी'. जपानी गाड्यांसाठी त्यात फॉस्फेट, युरोपीय गाड्यांसाठी थोडं सिलिकेट. आपल्या रस्त्यावर हे सगळे वंश एकत्र धावतात. सुझुकीच्या पुस्तकात हिरवं आणि निळं असं दोन प्रकारचं कूलंट असतं आणि दोघांच्या बदलायच्या मुदती वेगळ्या. टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं. चाकणच्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत जी १२, जी १३ या घराण्यातलं गुलाबी-जांभळं.

आणि रंग? रंग म्हणजे निव्वळ रंग. ग्लायकॉल रंगहीन असतं. गळती चटकन दिसावी, कोणी पाणी समजून पिऊ नये, म्हणून त्यात रंग घालतात. कुठला घालायचा याचा जगात एकच एक नियम नाही. टोयोटाचं जुनं लाल आणि फोक्सवॅगनचं लालसर जी १२ नुसतं पाहून वेगळं ओळखता येणार नाही, पण आतलं रसायन वेगळं. होंडाचं निळं आणि फोक्सवॅगनचं जुनं निळसर जी ११ यांचंही तेच. हा घोळ गाडीवाल्याने केलेला नाही, उद्योगाने केलेला आहे. औषधाच्या गोळ्या रंगावरून द्यायच्या नसतात हे सगळ्यांना कळतं. कूलंटच्या बाबतीत मात्र कंपन्यांनीच रंगाला ओळख बनवलं आणि नंतर ती ओळख मोडली. याची किंमत हायवेवर बॉनेट उघडून उभा असलेला माणूस मोजतो.

दोन वंश मिसळले तर काय होतं? दर वेळी अनर्थ होतोच असं नाही. बहुतेकदा दिसण्यासारखं काहीच होत नाही, फक्त पाच वर्षं टिकणारं कूलंट दोन वर्षांचं होऊन बसतं आणि मालक मात्र पाच वर्षांच्या भरवशावर राहतो. कधी कधी मात्र दोन्ही बाजूंची रसायनं एकमेकांना घट्ट करतात. फोक्सवॅगनच्या जी ११ आणि मूळ जी १२ ची जोडी त्यासाठीच कुप्रसिद्ध झाली. मिश्रण तपकिरी पडतं आणि त्याचा चिखल होतो. पुढे कंपनीला दोन्हींशी जुळवून घेणारं जी १२ प्लस काढावं लागलं.

अमेरिकेतलं 'डेक्स-कूल' प्रकरण याहून मोठं. जनरल मोटर्सने १९९५ पासून आपल्या गाड्यांत हे नारिंगी सेंद्रिय कूलंट भरायला सुरुवात केली. पाच वर्षं किंवा दीड लाख मैल बघायला नको, असा त्याचा बोलबाला. काही वर्षांत तक्रारींचा पाऊस पडला: इनटेक मॅनिफोल्डच्या गॅसकेट गळतायत, रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी राड जमलीय. ग्राहक कोर्टात गेले आणि २००८ मध्ये तडजोड होऊन कंपनीला भरपाई द्यावी लागली. त्या वादातून मिस्त्री लोकांनी जे उचललं ते रसायनाच्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं. हे कूलंट पातळी पूर्ण असताना उत्तम, पण पातळी उतरून आत हवा शिरली की बिघडतं. 'पाच वर्षं बघू नका' याचा अर्थ लोकांनी 'पाच वर्षं बॉनेटच उघडू नका' असा घेतला.

आपल्याकडे त्यात आणखी एक पात्र येतं, पाणी. अर्काच्या डब्यात निम्मं पाणी आपण घालतो, म्हणजे कूलंटचा अर्धा दर्जा कंपनी ठरवते आणि अर्धा आपण. मुंबईला तलावांचं मऊ पाणी मिळतं. पण पुण्याच्या उपनगरांत सोसायटीला टँकर येतो, मराठवाड्यात बोअरवेल चालते. त्या घरांत गीझरची कॉइल काढून बघावी. पांढरा, खरखरीत, नखाने न निघणारा थर. तोच थर सिलिंडरच्या भोवती, हेडमधल्या अरुंद वाटांत जमतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पोटाला ते चालतं. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या त्याहून कितीतरी मऊ पाणी मागतात. म्हणून डीएम वॉटर. पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी. पाच लिटरच्या कॅनला जे पैसे पडतात ते रेडिएटरच्या एका दुरुस्तीपुढे काहीच नाहीत.

घाटात अडकलेल्या माणसाने बिस्लेरी ओतली म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन निवल्यावर पाणी ओतणं बरोबरच आहे, पाण्याविना गाडी चालवणं हा खरा घात. फक्त घरी पोचल्यावर ते पाणी आत आहे हे विसरता कामा नये.

शेतावरच्या डिझेल इंजिनांची कथा वेगळी, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कित्येक इंजिनांत सिलिंडरचा लायनर 'ओला' असतो, म्हणजे त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. डिझेलच्या प्रत्येक धक्क्याला लायनर थरथरतो. भिंत आत गेली की तिथे क्षणभर पोकळी होते, पाण्यात वाफेचा बारीक बुडबुडा तयार होतो आणि भिंत परत येताच तो फुटतो. एका ठिकाणी, सेकंदाला शेकडो वेळा. बुडबुडा फुटतो तिथे धातूचा कण उडतो. काही हजार तासांनी लायनर उतरवला तर त्याच्या बाहेरच्या बाजूला, एकाच पट्ट्यात, सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. एखादं आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, चहासारखं. हेवी ड्यूटी कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायनं घालतात ती यासाठी. लायनरवर ती एक थर राखतात आणि बुडबुड्याचा मार थरावर बसतो. कारसाठीचं कूलंट ट्रॅक्टरमध्ये ओतलं तर ते ग्लायकॉल असतं, रंगही असतो, पण हा थर नसतो. आणि ट्रॅक्टरमध्ये तर बहुतेक ठिकाणी विहिरीचं पाणीच असतं. लाखो रुपयांच्या यंत्रात.

दाबाची बाजू रेडिएटरच्या लहानशा झाकणात आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा तेवढा जास्त दाब ते धरून ठेवणार. साधं पाणी अशा एका बार दाबाखाली १२० अंशांना उकळतं. निम्मं-निम्मं कूलंट त्याहून वर, १२५ ते १३० च्या दरम्यान. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली, तर महागातलं महाग कूलंट घाटात १०७ लाच उकळेल. शंभर-दोनशे रुपयांचं झाकण न बदलता हजाराचं कूलंट बदलणारी बिलं रोज फाटतात.

लडाखच्या सफरीवर निघणाऱ्यांना हे गणित दोन्ही टोकांनी लागतं. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, तिथे उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांनाच उकळतं. आणि हिवाळ्यात गेलात तर द्रासचा पारा उणे २० च्या खाली. दुकानात स्वस्त मिळणाऱ्या 'रेडी टू यूज' बाटलीत बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या आसपास ग्लायकॉल असतं. ते उणे १५ च्या जवळपास गोठायला लागतं. कोल्हापुरात त्याने काहीही बिघडणार नाही. द्रासला रात्रभर उभ्या गाडीत बिघडेल.

एक गोष्ट कुठल्याच सर्व्हिस सेंटरच्या बिलावर लिहिलेली नसते. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. चवीला गोड. शरीरात त्याचं ग्लायकॉलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल होतं, ऑक्झॅलेटचे खडे मूत्रपिंडात साचतात. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरभर जीवघेणं ठरू शकतं, मांजराला चमचाभर. त्याचाच भाऊबंद डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात औद्योगिक ग्लिसरीनमधून ते रुग्णांच्या पोटात गेलं आणि १४ जणांचा जीव गेला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने ते प्रकरण उघडं केलं. ही रसायनं काय करू शकतात हे या शहराला माहीत आहे. तरी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये जुनं कूलंट थेट गटारात सोडतात, आणि उन्हाळ्यात तहानलेलं कुत्रं त्या हिरव्या डबक्याला तोंड लावतं. कापलेल्या कॅनमध्ये धरा, झाकण लावा, वापरलेल्या ऑइलबरोबर द्या, इतकं सांगायला ग्राहकाला काहीच खर्च नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत उरलेलं कूलंट भरून घरी ठेवणं तर लहान मुलं असलेल्या घरात अक्षम्य आहे.

मग सर्व्हिसिंगला गाडी टाकताना करायचं काय? सातारा रस्त्यावरच्या एका जुन्या गॅरेजमध्ये दुपारी उभं राहिलं तर उत्तर समोर घडताना दिसतं. एक हॅचबॅक आलेली. रिझर्व्ह टाकीत पाहिलं तर द्रव ना हिरवा ना गुलाबी, पाणचट चहासारखा.

"दादा, यात आधी काय होतं?" मिस्त्री विचारतो.

"कंपनीतून आलं तेव्हा निळं होतं. मग गेल्या वर्षी थोडं कमी झालं म्हणून एकाने हिरवं टाकलं."

"आणि पाणी?"

"ते... दोन-तीनदा."

मिस्त्री डॅशबोर्डचा कप्पा उघडायला सांगतो. गाडीसोबत आलेलं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. 'इंजिन कूलंट' हे पान तो मालकालाच काढायला लावतो. तिथे एक ओळ असते: प्रकार, प्रमाण, किती लिटर, किती किलोमीटरला. दुकानात जाताना ही ओळ न्यायची. डब्यावर रंगाऐवजी हेच नाव आहे का ते बघायचं, किंवा निदान मानक: भारतीय आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६. कशाचाच उल्लेख नसलेली, नुसतं 'सुपर कूल' असं काहीतरी छापलेली बाटली परत ठेवायची, कितीही स्वस्त असली तरी. 'युनिव्हर्सल, सगळ्या गाड्यांना, सगळ्या रंगांना' असा दावा करणारं कूलंट अडचणीत टॉप-अपसाठी ठीक. पूर्ण बदलताना मात्र पुस्तकातलंच.

दुसरं, डबा अर्काचा आहे की तयार मिश्रणाचा हे ओळखायचं. यात सर्रास चुकतं, आणि चूक करणारा प्रामाणिक असतो. मिस्त्री खालचा नळ सोडतो, रेडिएटर रिकामा होतो, पण ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत पाणी उरतंच. समजा, व्यवस्था पाच लिटरची. साध्या पाण्याने धुऊन काढल्यावर दीड लिटर पाणी आत राहिलं. वरून साडेतीन लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण भरलं. मालकाला वाटतं पन्नास टक्के, प्रत्यक्षात ग्लायकॉल पावणेदोन लिटर, म्हणजे ३५ टक्के, आणि गंजरोधकही त्याच हिशोबात पातळ. म्हणून जाणता मिस्त्री शेवटचं धुणं डीएम वॉटरने करतो, मग मोजून अडीच लिटर अर्क आधी ओततो आणि उरलेली जागा डीएम वॉटरने भरतो. खात्रीसाठी रिफ्रॅक्टोमीटर. पेनाएवढी दुर्बीण. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून बघायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोघांची सीमा ज्या आकड्यावर तो गोठणबिंदू.

विजेवरची गाडी घेतलेल्यांनी हा भाग सोडून द्यायचं कारण नाही. नेक्सॉन ईव्हीची बॅटरीही द्रवाने थंड होते. ह्युंदाई-कियाच्या काही ईव्हींत तर वीज कमी वाहून नेणारं वेगळं कूलंट लागतं. तिथे बोअरचं पाणी ओतणं म्हणजे बॅटरीच्या शेजारी क्षार नेऊन ठेवणं.

हॅचबॅकमधला चहाच्या रंगाचा द्रव तीनदा धुऊन निघाला. पहिल्या धुण्यात टाकीच्या तळाशी बोटाला लागेल एवढा गाळ होता. तिसऱ्यात पाणी स्वच्छ आलं. नवं झाकण बसलं, १.१ चं. अर्क गेला, पाणी गेलं. मिस्त्रीने झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण गरमवर. सुरुवातीला बुडबुडे येत राहिले, पातळी एकदम खाली गेली, त्याने आणखी ओतलं. वरचा होज तो हाताने दाबत होता, हवा बाहेर यावी म्हणून. दहा-बारा मिनिटांनी होज अचानक गरम झाला. थर्मोस्टॅट उघडला होता. थोड्या वेळाने पंखा लागला, थांबला, पुन्हा लागला. बुडबुडे बंद झाले तेव्हा त्याने झाकण लावलं.

मालक बिल देत होता तेवढ्यात मिस्त्रीने मास्किंग टेपचा एक तुकडा फाडला, रिझर्व्ह टाकीवर चिकटवला आणि बॉलपेनने लिहिलं: कूलंटचं पुस्तकातलं नाव, ५०-५०, आजची तारीख, ६१,४२० किमी. मग पुस्तक परत कप्प्यात ठेवलं, या वेळी प्लास्टिकच्या पिशवीबाहेर, आणि म्हणाला, "उद्या सकाळी गाडी गार असताना टाकी बघा. मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये असली तर ठीक. खाली गेली तर फोन करा, पाणी ओतू नका."